तांब्याच्या शहराचे दप्तर : बिस्बी येथील खाण व इतिहास संग्रहालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, म्यूल पर्वताच्या अरुंद घळीत बिस्बी हे शहर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सोळाशे मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जास्त आहे. सपाट जागा जवळजवळ नाहीच. घरे डोंगराच्या दोन्ही उतारांवर एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी पायऱ्यांच्या लांबच लांब वाटा बांधलेल्या आहेत. १८८० ते १९७५ अशी पंचाण्णव वर्षे हे शहर तांब्यावर जगले. या काळात येथील खाणींतून सुमारे आठ अब्ज पौंड, म्हणजे छत्तीस लाख टनांच्या घरात तांबे निघाले; शिवाय सोने, रुपे, शिसे व जस्त निघाले ते वेगळेच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आसपासच्या वसाहती धरून येथील लोकवस्ती वीस हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच हजारांच्याही खाली आली.

शहराच्या मध्यभागी एका लहानशा चौकासमोर लाल विटांची एक दुमजली इमारत उभी आहे. १८९७ च्या सुमारास ती बांधली गेली तेव्हा तेथे 'कॉपर क्वीन' या खाण कंपनीची मुख्य कचेरी होती. १९७१ पासून तेथे 'बिस्बी खाण व इतिहास संग्रहालय' आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारी, दुर्मीळ मूर्ती वा नामवंत चित्रकारांची चित्रे पाहण्याच्या अपेक्षेने येथे कोणी जाऊ नये. एका शहराने आपली रोजची भाकर कशी मिळविली, त्यासाठी काय मोजले आणि त्यांतील कोणत्या गोष्टी पुढील पिढीला सांगण्याचे धैर्य त्याला झाले, हे पाहावयाचे असेल, तर मात्र ही इमारत अभ्यासण्यासारखी आहे.

डोंगरातील तांबे

इतिहासाचा प्रारंभ १८७७ सालचा. सैन्याच्या एका तुकडीतील जॅक डन नावाच्या वाटाड्याला या घळीत खनिजाच्या खुणा दिसल्या. सैनिकी कामामुळे त्याला तेथे थांबता येत नव्हते. म्हणून त्याने जॉर्ज वॉरन नावाच्या एका भटक्या खाणशोधकाला शिधासामग्री देऊन पाठविले. दोघांच्याही नावे हक्क नोंदवावयाचे असे ठरले होते. वॉरनने हक्क नोंदविले, पण त्यांत डनचे नाव घातले नाही. पुढे १८८० च्या सुमारास या वॉरनने, मद्याच्या अमलाखाली, घोडेस्वारापेक्षा आपण पायी अधिक वेगाने धावू अशी पैज लावली आणि 'कॉपर क्वीन' खाणीतील आपला वाटा तो त्या पैजेत हरला. त्या वाट्याचे मोल पुढे लक्षावधी डॉलरांवर गेले. वॉरन मात्र दारिद्र्यात वारला. ॲरिझोनाच्या राज्यमुद्रेवर कुदळ-फावडे घेतलेला जो खाणकामगार दिसतो, तो याच वॉरनच्या छायाचित्रावरून घेतलेला आहे. राज्याच्या प्रत्येक शासकीय कागदावर एका फसविणाऱ्या आणि फसलेल्या माणसाची आकृती उमटावी, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. शहराला ज्याचे नाव मिळाले, त्या न्यायाधीश डेविट बिस्बी यांनी तर खाणीत भांडवल गुंतविले खरे, परंतु या गावात त्यांनी कधी पाऊलही टाकले नाही, असे सांगतात.

भूपृष्ठाजवळ तांब्याची जी खनिजे सापडली, ती डोळ्यांत भरणारी होती. पाणी व हवा यांच्या संयोगाने तांब्याची कार्बोनेटे बनतात. त्यांपैकी ॲझुराइट गडद निळे असते, तर मॅलॅकाइट मोरपिसाच्या हिरव्या छटेचे. बिस्बीचे हे नमुने जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. 'शॅटकाइट' या निळ्या खनिजाला तर येथील शॅटक खाणीवरूनच नाव मिळाले. संग्रहालयात या खनिजांचे स्वतंत्र दालन आहे. खनिज कसे तयार होते, ते कसे शोधतात व कसे काढतात, हे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेशी असलेल्या संलग्नतेमुळे तेथे उत्तम प्रकारे मांडलेले आहे. एका लहान गावातील संस्थेने राष्ट्रीय संस्थेशी असा संबंध जोडावा आणि तिच्याकडून तज्ज्ञता घ्यावी, ही गोष्ट आपल्याकडील जिल्हा-तालुक्याच्या संस्थांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

तथापि निळ्या-हिरव्या स्फटिकांपुढे प्रेक्षक फार वेळ थांबला, तर संग्रहालयाचा खरा विषय त्याच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे. हे स्फटिक दिवसाच्या उजेडात आणले कोणी, हा तो विषय होय.

एकाच मालकाचे शहर

१८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेल्प्स डॉज या व्यापारी पेढीच्या नियंत्रणाखाली येथील प्रमुख खाणी एकत्र आल्या. त्यामागे डॉ. जेम्स डग्लस या तज्ज्ञाची दूरदृष्टी होती. हळूहळू कंपनीचा हात खाणीपुरता राहिला नाही. खनिज वाहून नेणारा 'एल पासो अँड साउथवेस्टर्न' हा लोहमार्ग कंपनीचा, शहरातील सर्वांत मोठे दुकान कंपनीचे, रुग्णालय कंपनीचे, ग्रंथालय कंपनीच्या आश्रयाने चाललेले, आणि गावात निघणारे दैनिकही कंपनीच्याच मालकीचे. 'कॅल्युमेट अँड ॲरिझोना' व 'शॅटक' या इतर कंपन्याही होत्या. पण शहराचा श्वास फेल्प्स डॉजच्या हाती होता. यातील प्रत्येक सोय लोकांना हवीच होती, हे नाकारता येत नाही. ग्रंथालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु ज्या गावात पगार देणारा, धान्य विकणारा, औषध देणारा आणि बातमी छापणारा एकच असतो, त्या गावात त्या एकाशी मतभेद झाल्यास माणसाने जावे कोठे, हा प्रश्न उभा राहतोच.

कामगारांत अनेक देशांचे लोक होते. कॉर्नवॉलहून आलेले कसबी खाणकामगार, आयरिश, फिनिश, सर्ब, क्रोएट, इटालियन आणि मेक्सिकन. या सर्वांना एकच न्याय नव्हता. बिस्बी हे 'गोऱ्या माणसाचे ठाणे' म्हणून ओळखले जाई. भूगर्भातील कसबी व चांगल्या मजुरीचे काम मेक्सिकनांना दिले जात नसे. जमिनीवरची अंगमेहनतीची कामे त्यांच्याकडे, आणि मजुरी गोऱ्या खाणकामगाराच्या जवळजवळ निम्मी. चिनी माणसाने दिवसा भाजीपाला विकावा, पण सूर्यास्तापूर्वी गाव सोडावे, असा अलिखित नियम होता. अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी झगडलेल्या आपल्या समाजाला या नियमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये.

खाणकामाची हत्यारे या पार्श्वभूमीवर पाहिली, म्हणजे ती बोलू लागतात. पूर्वी पहारीवर हातोड्याचे घाव घालून सुरुंगाचे भोक पाडीत. पुढे दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रण-यंत्रे आली. काम झपाट्याने होऊ लागले. पण कोरड्या दगडात छिद्र पाडताना उडणारी बारीक धूळ कामगाराच्या छातीत साठू लागली. प्रारंभीच्या अशा यंत्रांना खाणकामगारांनी 'विधवा करणारे यंत्र' असे नाव दिले होते. यंत्र आल्याने मेहनत कमी होते, हे सर्वांना समजते. मरण्याची पद्धत बदलते, हे मात्र हत्यार हाती धरणाऱ्यालाच आधी कळते.

१२ जुलै १९१७

संग्रहालयातील सर्वांत महत्त्वाची छायाचित्रे रंगीत नाहीत आणि सुंदरही नाहीत. एका छायाचित्रात रस्त्यावरून माणसांची एक लांबलचक रांग चाललेली दिसते. दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेले लोक आहेत. दुसऱ्यात गुरे वाहून नेण्याच्या रेल्वेच्या डब्यांची माळ उभी आहे आणि माणसे त्यांत चढविली जात आहेत. या छायाचित्रांपुढे उभे राहिल्यावर सर्वप्रथम ध्यानात यावयास हवे ते हे, की ज्या इमारतीत ती लावलेली आहेत, ती त्याच कंपनीची कचेरी होती.

घटना अशी घडली. पहिल्या महायुद्धामुळे तांब्याचा भाव दुपटीहून अधिक वाढला होता. बंदुकीच्या गोळीपासून तारायंत्रापर्यंत सर्वत्र तांबे लागे. महागाई वाढली, कंपन्यांचा नफा वाढला. मजुरी त्या मानाने वाढली नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. जूनच्या अखेरीस 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या जहाल संघटनेच्या पुढाकाराने बिस्बीतील कामगारांनी संप पुकारला. मागण्या पाहिल्या, तर त्यांत राज्य उलथवून टाकण्यासारखे काही आढळत नाही. प्रत्येक छिद्रण-यंत्रावर एकाऐवजी दोन माणसे असावीत, पाळी चालू असताना वरच्या बाजूस सुरुंग उडवू नयेत, कामगाराला अडविण्यासाठी वापरली जाणारी सक्तीची शारीरिक तपासणी बंद व्हावी, संघटनेच्या सभासदांशी भेदभाव होऊ नये, आणि भूगर्भात काम करणाऱ्यास व जमिनीवर काम करणाऱ्यास ठराविक दैनिक मजुरी मिळावी. या शेवटच्या मागणीने मेक्सिकन मजुराची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली असती.

कंपन्यांनी बोलणी करण्यास नकार दिला. संप म्हणजे युद्धकार्यात घातपात, त्यामागे जर्मनीचा पैसा आहे, अशी हाकाटी झाली. सरहद्द जवळ होती. आदल्याच वर्षी, मार्च १९१६ मध्ये, मेक्सिकन बंडखोर पांचो व्हिया याच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर छापा घातला होता. त्या भीतीचाही उपयोग करून घेण्यात आला. प्रत्यक्षात संपाच्या काळात शहरात म्हणण्यासारखा हिंसाचार झालेला नव्हता.

१२ जुलैच्या पहाटे, परगण्याचा शेरीफ हॅरी व्हीलर याच्या हुकुमाखाली सुमारे दोन हजार नागरिक दंडाला पांढरी पट्टी बांधून व बंदुका घेऊन बाहेर पडले. गावाच्या दैनिकात त्या सकाळी शेरीफचा जाहीरनामा छापून आला होता आणि स्त्रियांनी व मुलांनी रस्त्यावर येऊ नये, असे त्यात बजावले होते. तार व दूरध्वनी कचेऱ्यांवर पहारा बसला, जेणेकरून बातमी बाहेर जाऊ नये. घरांतून, खाणावळींतून, रस्त्यांवरून सुमारे दोन हजार माणसे पकडण्यात आली. त्यांत संपकरी होते, तसेच संपाशी संबंध नसलेले दुकानदारही होते. या धरपकडीत दोन माणसे मरण पावली, प्रत्येक बाजूचा एक. पकडलेल्यांना वॉरन वसाहतीतील बेसबॉलच्या मैदानावर नेऊन बसविण्यात आले. जो कामावर परत जाण्यास तयार असेल, त्याने पांढरी पट्टी बांधावी व मोकळे व्हावे, असे सांगण्यात आले. काही शेकडा माणसांनी ते मान्य केले.

राहिलेल्या १,१८६ जणांना तेवीस डब्यांत कोंडण्यात आले. डबे गुरांचे होते आणि कित्येकांत शेणाचा थर तसाच होता. जुलै महिन्यातील वाळवंटी उष्णता, पाणी अपुरे. गाडी कंपनीच्या लोहमार्गाने पूर्वेकडे निघाली. कोलंबस येथे त्यांना उतरवून घेण्यास नकार मिळाला. तेव्हा गाडी मागे फिरवून, निघाल्यापासून सुमारे सोळा तासांनी, मध्यरात्रीनंतर हर्मानस नावाच्या एका ओसाड थांब्यावर या माणसांना अन्नपाण्याशिवाय सोडून देण्यात आले. परत याल तर जीव गमवाल, अशी तंबीही देण्यात आली. पुढे सैन्याने त्यांना कोलंबस येथील छावणीत नेले व सप्टेंबरपर्यंत पोसले. तेथे सैन्याने जी मोजदाद केली, तीवरून असे दिसले की सुमारे एक-तृतीयांश माणसे कोणत्याच संघटनेची सभासद नव्हती. अनेक विवाहित होते व त्यांचे संसार बिस्बीतच राहिले होते. कित्येकांनी सैन्यभरतीसाठी नाव नोंदविलेले होते. देशद्रोही म्हणून ज्यांना हाकलले, त्यांच्याच नावाची नोंद सैन्याच्या यादीत निघाली.

बिस्बीच्या रस्त्यांवर त्यानंतर काही महिने पहारे राहिले आणि शहरात शिरण्यासाठी परवाना दाखवावा लागे. आपल्याच देशातील एका शहरात जाण्यासाठी आपल्याच नागरिकाला परवाना लागावा, याचे राज्याच्या गव्हर्नरासही नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

न्यायालयांत

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मजूरमंत्री विल्यम बी. विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली एक मध्यस्थ आयोग नेमला. त्याचे कायदेविषयक काम फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याकडे होते. तेच पुढे १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ही हद्दपारी पूर्णपणे बेकायदेशीर असून तिला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, असा निष्कर्ष आयोगाने नोव्हेंबर १९१७ मध्ये काढला. १९१८ मध्ये कंपनीचे अधिकारी व इतर मिळून एकवीस जणांवर केंद्र सरकारने खटला भरला. तो टिकला नाही. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध व्हीलर' या डिसेंबर १९२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने असे ठरविले की नागरिकाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बळजबरीने हाकलून देणाऱ्या खासगी व्यक्तींवर खटला भरण्याचा अधिकार केंद्राला राज्यघटनेने दिलेला नाही. तो राज्याचा प्रश्न आहे.

राज्याने शेकडो माणसांवर गुन्हे नोंदविले होते. त्यांतून एकाच व्यक्तीवर, एका व्यापाऱ्यावर, १९२० मध्ये नमुन्यादाखल खटला चालला. बचावाचा मुद्दा होता 'निकडीचा कायदा'. शहरावर संकट होते, म्हणून कायदा बाजूला ठेवणे भाग पडले, असा त्याचा आशय. पंचांनी काही मिनिटांतच आरोपीला निर्दोष ठरविले. उरलेले खटले मग सोडून देण्यात आले. १,१८६ माणसांच्या हद्दपारीबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही.

शासनाच्या कामात असणाऱ्या वाचकाने या प्रकरणातील एक बाब विशेष लक्षपूर्वक पाहावी. हे कृत्य गुंडांच्या टोळीने केलेले नव्हते. निवडून आलेला शेरीफ, छापील जाहीरनामा, ओळखीसाठी पट्टी, वेळापत्रकाप्रमाणे निघालेली गाडी, सर्व काही एखाद्या शासकीय मोहिमेप्रमाणे पद्धतशीर होते. कायदा तेवढा त्यात नव्हता.

मौन आणि नंतर

गावातून ज्यांना हाकलले, त्यांपैकी फार थोडे परतले. ज्यांनी हाकलले ते आणि त्यांची मुलेबाळे गावातच राहिली. साहजिकच पुढील कित्येक दशके बिस्बीत या विषयावर उघडपणे बोलले जात नसे. कुटुंबांत सांगितले गेले तरी हळू आवाजात. एका कुटुंबात तर पांढरी पट्टी बांधलेल्या भावाने आपल्या सख्ख्या भावाला बंदुकीच्या धाकाने मैदानाकडे नेले होते. अशा घरांत बोलावयाचे तरी काय?

संग्रहालय स्थापन झाले ते १९७१ मध्ये, म्हणजे खाणी अद्याप चालू असताना. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो. परंतु स्थानिक इतिहास जतन करणाऱ्या कोणत्याही संस्थेसाठी तो कळीचा आहे. खाण बंद झाली, की प्रथम यंत्रे विकली जातात आणि मग कागद. हजेरीपत्रके, पगाराची पुस्तके, अपघातांच्या नोंदी, रुग्णालयाच्या वह्या, नकाशे यांची किंमत रद्दीवाल्यापलीकडे कोणाला दिसत नाही. बिस्बीच्या संग्रहालयाला जोडून अभ्यासकांसाठी ग्रंथालय व दप्तरखाना आहे. जुनी छायाचित्रे, कंपन्यांचे कागद आणि जुन्या रहिवाशांच्या मुलाखती तेथे राखून ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळशाच्या खाणी किंवा नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणी यांच्या परिसरातील एखाद्या शिक्षकाने निवृत्त खाणकामगारांकडून असे चार शब्द लिहून घेण्याचे मनावर घेतले, तर ते काम खाण चालू असतानाच करावयास हवे. जुना कामगार वारला, की त्याच्या पगारपत्रकातील सहीच्या अंगठ्याचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही.

कंपनीच्या इमारतीत भरलेले संग्रहालय कंपनीच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगेल काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ती रास्तही आहे. अनेक औद्योगिक संग्रहालये यंत्रांचे कौतुक करून थांबतात. संस्थापकाचे तैलचित्र, चकचकीत पितळी दिवे, आणि कामगार मात्र केवळ एक पुतळा. बिस्बीतही खनिजांच्या दालनातील झगमगाट प्रथम डोळ्यांत भरतो, हे मान्य केले पाहिजे. पण १९१७ ची छायाचित्रे भिंतीवर आहेत आणि कोणीही ती पाहू शकतो. २०१७ मध्ये घटनेला शंभर वर्षे झाली, तेव्हा शहरातील रहिवाशांनी प्रत्यक्ष त्या रस्त्यांवर ती हद्दपारी पुन्हा साकार केली. कोणी पट्टी बांधली, कोणी पकडला गेला. ज्या दोन भावांचा उल्लेख वर आला, त्यांच्या भूमिका त्याच कुटुंबातील दोन वंशजांनी केल्या. रॉबर्ट ग्रीन यांचा 'बिस्बी '१७' हा २०१८ चा चित्रपट याच प्रसंगावर आहे. त्यांत काही रहिवासी आजही त्या दिवशीच्या कारवाईचे समर्थन करताना दिसतात. मतभेद मिटलेला नाही; मौन तेवढे सुटले आहे.

खाण बंद झाल्यावर

आता राहिला प्रश्न पोटाचा. १९५० नंतर शहराच्या पोटातच 'लॅव्हेंडर पिट' ही प्रचंड उघडी खाण खोदली गेली. नाव ऐकून लॅव्हेंडरच्या फुलांची आठवण व्हावी. परंतु ते हॅरिसन लॅव्हेंडर नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे आडनाव. या खाणीने लोवेल नावाच्या वसाहतीचा मोठा भाग गिळला. सुमारे नऊशे फूट खोल झालेली ही खाण डिसेंबर १९७४ मध्ये थांबली आणि १९७५ मध्ये भूगर्भातील खाणकामही संपले. चांगले खनिज सरले होते आणि भावही उतरले होते. कामगार कुटुंबे इतर खाणींकडे निघून गेली. डोंगरउतारावरील घरे कवडीमोलाने विकली गेली. ती घेण्यास आले ते चित्रकार, कारागीर व निवृत्त लोक. त्यांनी घरे रंगविली, दुकाने काढली. गाव ओसाड झाले नाही. परगण्याचे मुख्यालय १९२९ मध्येच टूम्स्टोनहून बिस्बीला आलेले होते. त्यामुळे न्यायालये व शासकीय कचेऱ्याही राहिल्या. खाणीच्या गावाला खाणीव्यतिरिक्त एखादे बारमाही काम असणे किती उपयोगी पडते, हे यावरून दिसून येते.

दुसरी गोष्ट नगराध्यक्षांच्या पुढाकाराने झाली. जुन्या कॉपर क्वीन खाणीचा एक भाग प्रेक्षकांसाठी खुला करावा, अशी कल्पना निघाली. कंपनीने सहकार्य केले, केंद्र सरकारच्या आर्थिक विकास विभागाकडून अनुदान मिळाले. तरीही खरे काम गावकऱ्यांनी केले. स्वयंसेवकांनी बोगद्यात कोसळलेला सुमारे शंभर टन दगड उपसून काढला व लाकडी टेकू नव्याने बसविले. १ फेब्रुवारी १९७६ रोजी ही खाण-सफर सुरू झाली. प्रेक्षकाला शिरस्त्राण, दिवा व अंगरखा दिला जातो. लहानशा रुळगाडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावयाचे आणि सुमारे दीड हजार फूट डोंगराच्या पोटात शिरावयाचे. आत बारमाही गारवा असतो, आठ अंश सेल्सिअसच्या आसपास. वाट दाखविण्याचे काम पुष्कळ वर्षे त्याच खाणींत राबलेल्या जुन्या कामगारांनी केले. आजवर दहा लाखांहून अधिक लोकांनी ही सफर केली आहे.

यातून गावाची जुनी भरभराट परत आली, असे कोणी समजू नये. प्रवासी मोसमात येतात, जातात. खाणीच्या पगारावर जेवढी घरे चालत, तेवढी उपाहारगृहांवर व हस्तकलेच्या दुकानांवर चालत नाहीत. लोकसंख्येचे आकडे तेच सांगतात. २००७ मध्ये फेल्प्स डॉज ही कंपनीच फ्रीपोर्ट-मॅकमोरान या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. लॅव्हेंडर पिटचा रिकामा खड्डा रस्त्याच्या कडेला तसाच आहे. जाळीच्या कुंपणामागे उभे राहून लोक त्यात डोकावतात व पुढे जातात.

ज्या बेसबॉलच्या मैदानावर १९१७ च्या त्या सकाळी दोन हजार माणसे बसविली होती, ते १९०९ चे वॉरन मैदान आजही वापरात आहे. संग्रहालयातील छायाचित्रांत मागे त्याच डोंगरांच्या ओळी दिसतात. संग्रहालय पाहून थोड्या अंतरावरील त्या मैदानावर गेले, तर गावातील मुले तेथे खेळताना आढळतात आणि प्रेक्षकांच्या बाकांवर त्यांचे आईबाप बसलेले असतात.